तुम्ही विचारलंत म्हणून: पडकी तटबंदी सिमेंटनं बांधून का टाकत नाही?

नाशिकमध्ये किल्ल्यांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. "भिंत पडतेय हे दिसतंय ना? चार गोणी सिमेंट, दोन गवंडी, आठवडाभराचं काम. एकदाचं बांधून का टाकत नाही?" विचारणाऱ्याला गडाची कळकळ असते, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. तटबंदी बहुतेक वेळा आत मुरलेल्या पाण्यानं पडते, आणि सिमेंट तेच पाणी आत कोंडून ठेवतं.

तट सबंध दगडाचा नसतो. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला घडीव दगडांचे थर, आणि मधे भर: गोटे, चिपा, माती, कुठे चुना. माथ्यावरचा कोबा फुटला की पाऊस सरळ या भरीत उतरतो. दरजांमध्ये, म्हणजे दगडांच्या सांध्यांमध्ये, चुना असेल तर ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते. त्याच दरजा सिमेंटनं लिंपल्या की वरून पाणी येत राहतं, बाहेर मात्र पडत नाही. भरीतली माती भिजते, खाली सरकते, तळाशी साठते आणि दर्शनी थराला बाहेर ढकलते. भिंतीला पोट सुटतं ते असं. काही पावसाळे जातात आणि एका रात्री पाच-सहा मीटरचा पट्टा एकदम खाली येतो. तेव्हा सिमेंटला चिकटलेले दगड सुटे होत नाहीत. सोडवायला गेलं तर त्यांच्या कडा फुटतात, म्हणजे पुन्हा रचायला मूळ दगडही उरत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. सिमेंट दगडापेक्षा कडक, म्हणून ते दगड खातं, असं सर्रास सांगतात. विटेला किंवा वालुकाश्माला ते लागू आहे. आपला काळा बसाल्ट सिमेंटपुढे कच्चा नाही. पण तो सगळीकडे सारखाही नाही. कड्यातला तांबड्या मातकट दगडाचा थर आणि गारगोट्यांनी भरलेला सच्छिद्र दगड लवकर झिजतो, आणि कोंडलेली ओल आधी तिथेच हात दाखवते.

आणि प्रत्येक भिंतीला चुनाही लागत नाही. सेलबारी-डोलबारी असो की त्र्यंबकची रांग, आपल्या गडांचं खरं संरक्षण ताशीव कडा करतो. भिंत घातली ती दरवाजाशी, घळीच्या तोंडाशी, जिथे कडा कमी पडला तिथे. त्यातल्या कित्येक भिंती कोरड्या रचलेल्या आहेत: दगडावर दगड, फटीत चिप, बस्स. पाणी त्यातून आरपार जातं, म्हणूनच त्या टिकल्या. अशा भिंतीत हौसेनं चुना भरणं हीसुद्धा खोडीच. तेव्हा पहिलं काम म्हणजे मूळ बांधकाम कसलं आहे ते बघणं. पडलेल्या तोंडाशी चुन्याचा पांढरा अंश दगडाच्या पाठीला चिकटलेला दिसतो का, तेवढ्यावरून बरंच कळतं.

दुसरं, सगळी पडझड म्हातारपणाची नाही. १८१८ च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकगड इंग्रजांनी घेतला आणि पाठोपाठ जिल्ह्यातले बरेच किल्ले हवाली झाले. मग पुन्हा कोणी आसरा घेऊ नये म्हणून वाटा, पायऱ्या, दरवाजे, तट जागोजागी मोडले गेले. त्या मोडतोडीच्या खुणा हाही इतिहासच आहे. तिथे नवी कोरी भिंत उभी केली तर ती कोणाच्या काळातली, हे पुढच्या माणसाला कळायचं कसं? मूळ उंची, जाडी, चऱ्यांची (तटाच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यांची) ठेवण याचा पुरावा नसेल तर पडलेलं पडलेलंच स्थिर करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्याची हुबेहूब नक्कल दिसायला छान दिसते, पण ती बहुतेक अंदाजपंचे असते.

कामाचा क्रम वरून खाली. आधी फोटो, मोजमाप आणि पडलेल्या दगडांवर धुऊन जाणाऱ्या खडूनं क्रमांक. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहायची; पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. पोट सुटलं असेल तर ओळंबा सोडून दर हाताला अंतर लिहून ठेवायचं. मग पाण्याच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या. निम्म्या ठिकाणी नुसती तुंबलेली मोरी उघडली की भिंतीचं दुखणं निम्मं होतं. त्यानंतर झाडं. पिंपळ, वड, उंबर उपटायचे नाहीत, कारण मुळं दगडांना मिठी मारून बसलेली असतात आणि ओढलं की थरच्या थर येतो. बुंध्याशी कापायचं, ताज्या कापावर जाणकाराच्या हातून औषध लावायचं, मूळ वाळून मोकळं होईपर्यंत थांबायचं आणि पोकळी चुन्यानं भरायची. गवताचं उलटं आहे. माथ्यावरचं गवत ऐन पावसाळ्याच्या तोंडावर खरवडून काढलं तर मातीला धरून ठेवणारं काहीच राहत नाही. श्रमदानात ही चूक फार होते, कारण स्वच्छ माथा फोटोत खुलून दिसतो.

आता चुना. बाजारात रंगवायला मिळणारी फक्की बहुधा हवा खाऊन मेलेली असते. तिनं दगड धरत नाही. ताजी चुनकळी, म्हणजे भट्टीतून निघालेले न विरवलेले चुन्याचे खडे, आणायची. ती पाण्यात टाकायची, पाणी तिच्यावर ओतायचं नाही. पाणी अक्षरशः उकळतं, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे. खळबळ थांबली की बारीक चाळणीतून गाळून टाकीत निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवायचा. जास्त मुरला तर उत्तमच. न विरलेला खडा राहिला तर तो भिंतीत गेल्यावर ओल घेऊन फुगतो आणि दरज फोडून बाहेर येतो. मग माल: एक भाग चुना, एक भाग धुतलेली वाळू, एक भाग सुरखी (कुटलेल्या विटांची पूड). सुरखी लालसर, हलक्या भाजलेल्या विटांची हवी. काळी पडलेली, फार भाजलेली वीट कुटून फक्त रंग मिळतो, पकड मिळत नाही. वाळू मुठीत आवळून सोडली की तळवा मातकट राहता कामा नये. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. प्रमाण गवंड्यागणिक बदलतं. त्याचा उपयोग आहे, पण नीट न मुरलेला चुना गुळानं सुधारत नाही. माल चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा, नाहीतर लाकडी मोगरीनं कुटायचा. पातळ वाटला म्हणून कोरडा चुना टाकायचा नाही आणि घट्ट वाटला म्हणून पाणी ओतायचं नाही. आणखी कुटला की तो आपोआप लोण्यासारखा मऊ होतो. जास्त पाण्याचा माल वाळताना आक्रसतो आणि दरजेच्या कडेनं केसासारखी चीर पडते.

दरज रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल उकरायची, ब्रशनं झाडायची, पाण्यानं भिजवायची. कोरडा दगड मालातलं पाणी पिऊन टाकतो आणि चुना पिठासारखा भुसभुशीत राहतो. एका वेळी दोन सेंटीमीटरच्या वर थर नको. रुंद फटीत दगडी चिप ठोकून बसवायची. माल दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा, म्हणजे प्रत्येक दगडाचा काठ वेगळा दिसतो आणि पाणी थबकत नाही. दगड साधारण ३० बाय २० सेंटीमीटरचे, दरज दोन सेंटीमीटर रुंद आणि पाच खोल धरली तर चौरस मीटरला आठ-साडेआठ लिटर माल लागतो. सांडलवंड धरून एक घमेलं. त्यावर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी, दहा ते पंधरा दिवस. गडावर काम अडतं ते बहुधा इथे, मालावर नाही. गवंडी खाली उतरतात आणि पाणी मारायला वर कोणी राहत नाही.

म्हणून हंगाम महत्त्वाचा. पाऊस सरल्यावर टाक्यांत पाणी असतं आणि ऊन सोसवतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. मात्र निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आली की गडमाथ्यावरचा चुना त्या दिवसांत थांबवावा. थंडीत तो नीट धरत नाही.

लोखंडाबद्दलही सांगायला हवं, कारण गर्दी वाढली की रेलिंगची मागणी येते. हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांना बाजूला हातासाठी खोबण्या आहेत. बोटं आत जातात, अंगठा काठावर टेकतो. अशा कातळात साधी सळई ठोकली तर ती गंजते, गंजताना फुगते आणि आतून दगड चिरते. कठडा लावायचाच असेल तर न गंजणाऱ्या पोलादाचा, आणि चिरेपासून लांब.

परवानगीचं विचारलंत तर ती लागतेच. किल्ला केंद्राच्या संरक्षणात असेल तर १९५८ चा कायदा, राज्याच्या असेल तर १९६० चा. वनजमिनीवर असेल तर वनखातंही आलं. केंद्र-संरक्षित वास्तूची मोडतोड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टाक्यातला गाळ काढणंसुद्धा मनानं करायचं काम नाही, कारण त्या गाळात खापरं, नाणी, तोफगोळे निघतात आणि ते कोणत्या थरात होते हे एकदाच कळतं. साल्हेर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यामुळे तिथे तर मूळ साहित्य आणि मूळ ठेवण सांभाळणं अधिकच काटेकोर झालं.

परवानगीशिवाय करता येण्याजोगं एक काम आहे, आणि ते फार थोडे लोक करतात. भर पावसात गेलात तर धबधब्याचे फोटो जरूर काढा, पण तटाच्या माथ्यावर पाणी कुठे साचतं आणि कुठल्या दरजेतून मातकट होऊन बाहेर येतं, त्याचेही काढा. शेजारी पट्टी किंवा काठी ठेवा, तारीख आणि जागा लिहा, आणि ते पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात नेऊन द्या. स्वच्छ पाणी येत असेल तर काळजी कमी. गढूळ येत असेल तर भर वाहून चालली आहे, आणि त्या जागेचं काम पुढच्या हंगामात आधी घ्यावं लागेल.