एकोणिसावी रात्र आणि सव्वासहा तास गेलेली लाइट

बल्बच्या उबेवर चालणाऱ्या पेटीत गावठी अंडी उबवायची ही माझी चौथी खेप. कर्जतकडच्या एका शेतकऱ्याकडून २४ अंडी घेतली आणि लोकलमध्ये मांडीवर धरून भांडुपला आणली. आणल्या आणल्या पेटीत घातली नाहीत. टोकदार बाजू खाली करून दिवसभर तशीच ठेवली, म्हणजे प्रवासात हादरलेली हवेची पोकळी जागेवर बसते. ७व्या दिवशी टॉर्च लावून पाहिलं तर चार अंडी नुसतीच पारदर्शक, म्हणजे गर्भच नाही, आणि एकात रक्ताचं कडं, म्हणजे गर्भ मेलेला. ती पाचही काढली. १४व्या दिवशी आणखी एक काढलं. १८व्या दिवशी अंडी फिरवणं बंद करून झाकण लावलं तेव्हा १८ उरली होती.

पाण्याबद्दल मुद्दाम सांगते, कारण मुंबईच्या पावसात इथेच गडबड होते. पहिले १८ दिवस मी पेटीत वाटी ठेवतच नाही. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. तेवढीच तर हवी असते. दोन वाट्या ठेवायच्या त्या २१ दिवसांतल्या शेवटच्या तीन दिवसांत, ६५च्या वर न्यायला.

१९व्या दिवशी रात्री ११ वाजून १० मिनिटांनी लाइट गेली. बाहेर धो धो पाऊस, सगळी गल्ली काळोखात. पेटीत ३७.६.

माझा पहिला हात झाकणाकडेच जात होता, पण १२ ऑक्टोबर २०२० आठवला. त्या सकाळी ग्रिड बंद पडून अर्धी मुंबई थांबली होती, लोकलसुद्धा. तेव्हा माझी पहिली खेप पाच दिवसांची होती. घाबरून मी कढत पाण्याच्या बाटल्या अंड्यांना चिकटवून ठेवल्या आणि आकडा ४१च्या पुढे गेला. १२पैकी ९ मेली. ती गारठून नाही मेली, मी भाजली. पाच दिवसांच्या गर्भाला काही तास थंडावा सोसतो, ४१ अंश सोसत नाहीत. हे मी विसरलेली नाही.

या वेळी पेटीवर गोधडी टाकली, पण हवेची भोकं मोकळी ठेवली. या वयाच्या पिल्लांना हवा भरपूर लागते. ऊब राखायच्या नादात भोकं बुजवली तर ती आत गुदमरतात. दुसरं म्हणजे १९ दिवसांचं अंडं स्वतःही उष्णता देतं, त्यामुळे १८ अंडी एकमेकांना लागून असली की आकडा हळूहळू उतरतो. सव्वाबाराला ३५.९ होता.

सासूबाई उठून आल्या. गुहागरला त्यांनी टोपलीत, पेंढ्यावर कितीतरी खुडूक कोंबड्या बसवल्या आहेत. म्हणाल्या, "अगं, कोंबडी रोज उठते ना दाण्यापाण्याला? तेवढ्यानं अंडी मरतात होय?" त्यांचं ऐकून हात जरा थांबला. पण कोंबडी पाव तासात परत येते आणि आमची लाइट कधी येणार, कुणीच सांगेना. साडेबाराला गॅसवर पाणी कोमट केलं, ४५ अंशांचं, थर्मामीटरने मोजून. दोन बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि अंड्यांपासून चार बोटं लांब, कडेला ठेवल्या. झाकण उघडं राहिलं जेमतेम वीस सेकंद. सव्वाएकला ३६.५.

मग काचेवर दव धरलं. पेटी गार होऊ लागली की आतली दमट हवा काचेवर बसते, त्यामुळे आतलं काही दिसेना. पुसायला उघडायचं नाही हे ठरवलं होतं. कान लावला. पावसाच्या आवाजातही, अगदी बारीक, एका अंड्यातून टकटक ऐकू आली. पिल्लू हवेच्या पोकळीत शिरलं होतं.

तीनला ३५. बाटल्या बदलल्या. ५ वाजून २५ मिनिटांनी लाइट आली तेव्हा ३५.४. इथे गाफील राहू नका. बाटल्या आत आणि वरून बल्ब पेटलेला, असं झालं की आकडा उडी मारतो. बाटल्या लगेच काढल्या आणि ३७.५वर स्थिर होईपर्यंत समोर बसून राहिले. पेटीचं तापमान सांभाळणाऱ्या डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅटमधलं सेटिंग लाइट गेली तरी पुसलं जात नाही, तेवढी एक काळजी नव्हती.

२१वा दिवस अख्खा वाट बघण्यात गेला. रात्री साडेनऊला कवचावर पहिली टोच दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. २२व्या दिवशी संध्याकाळपर्यंत १८पैकी १४ पिल्लं बाहेर. राहिलेली चार दोन दिवसांनी फोडून पाहिली: एकाचं डोकं हवेच्या पोकळीकडे असायचं ते टोकदार बाजूला होतं, तिघांचा बलक पोटात ओढला गेला नव्हता.

पिल्लं सुकेपर्यंत पेटीतच ठेवली. पोटातल्या बलकावर त्यांचे दोनेक दिवस सहज निघतात, त्यामुळे उचलायची घाई नको. आता ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार खोक्यात आहेत, ३४ अंशांवर. पाण्याच्या झाकणात गोट्या टाकल्यात, कुणी बुडू नये म्हणून. एक काळं पिल्लू सारखं त्या गोट्यांनाच टोचतंय. पुढच्या खेपेआधी १२ व्होल्टची बॅटरी आणि डीसी हीटर बसवणार. कुणी बसवला असेल तर बॅटरी किती एएचची (अँपिअर-अवर) घेतलीत आणि किती तास टिकली, ते सांगा.