पांढऱ्या खांद्यावरची खूण

गेल्या आठवड्यात मी एकच खांदा तीनदा रंगवला. खांदा म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या रोबोचा, 1/144 मापाचा (म्हणजे कथेतल्या रोबोच्या 144 पट लहान), अंगठ्याच्या नखाहून जेमतेम मोठा, पांढरा. नुसत्या प्लॅस्टिकवर तो स्वच्छ दिसत होता. राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पहिला हात बसला आणि खालच्या कडेला एक खळगा उमटला, मोहरीएवढासुद्धा नसेल. चौकटीतून भाग कापून काढताना निपर, म्हणजे कापायची बारीक पक्कड, जरा आत घुसला होता. पुट्टीचा ठिपका लावला, वाळू दिला, घासला, पुन्हा प्रायमर मारला. खळगा बुजला, पण घासता घासता शेजारची धार गोल झाली होती. मग सपाट पट्टीला 800 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ती धार परत सरळ केली. तिसऱ्यांदा प्रायमर बसल्यावर तो तुकडा दिव्याखाली बराच वेळ फिरवत बसले. कुठेच काही सापडलं नाही. या छंदात मला सगळ्यात जास्त सुख कुठे मिळत असेल तर ते इथे, रंगाच्या आधी.

ज्यांनी असं किट कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खोक्यात रोबो नसतो, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटी असतात. त्यांना रनर म्हणतात. एकेक भाग त्या चौकटीला बारीक मानेने धरलेला असतो, ती मान म्हणजे गेट. साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक याच वाटेने भागात शिरतं. भाग कापून काढला की जिथे गेट होतं तिथे खूण राहते. पांढऱ्या भागावर ती पटकन नजरेत येत नाही. गडद निळ्यावर किंवा लालवर मात्र पांढरट डाग पडतो, कारण तिथे प्लॅस्टिक वाकून ताणलं गेलेलं असतं, आत अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो.

म्हणून मी दोनदा कापते. पहिल्यांदा भागापासून दोनेक मिलिमीटर लांब, नुसता रनरपासून सोडवण्यापुरता. मग उरलेला खुंट हातात धरून, निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून, अर्धा मिलिमीटर शिल्लक राहील असा. तो अर्धा मिलिमीटर कापायचा नाही, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवायचा, मग 600, 800, हवं तर 1000. बोटाने घासू नये, बोट मऊ असतं आणि सपाट पृष्ठभागाला पोट आणतं. एकाच दिशेने हलक्या हाताने घासायचं आणि मधेमधे पुसून बघायचं. मधल्या आकाराच्या किटमध्ये असे शंभर-दीडशे भाग निघतात आणि एकेकाला दोन-तीन गेट असतात. इथे घाई करून पुढे चांगला रंग लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. रंगाने खूण झाकली जाईल असं सुरुवातीला मलाही वाटायचं. होतं उलटंच. रंगाचा सारखा थर बसला की खालचा प्रत्येक ओरखडा चकाकून वर येतो.

या खेळण्याचा उगम जपानमधला. 1979 साली ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका टीव्हीवर सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची. ती ठरल्याआधीच, 43 भागांत आटोपती घ्यावी लागली. मालिका संपल्यावर 1980च्या जुलैमध्ये बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने तिच्यातल्या नायक रोबोचं 1/144 मापाचं किट 300 येनला आणलं, आणि लोकांनी ते उचलून धरलं. गंडमचं प्लॅस्टिक मॉडेल म्हणून नाव पडलं गनप्ला. तेव्हाचं किट गोंदाने चिकटवायचं आणि रंग आपणच द्यायचा. आता भाग खटके बसवून जोडता येतात आणि मूळ प्लॅस्टिकच रंगीत असतं.

त्यामुळे माझा भाचा विचारतो ते रास्तच आहे. ‘मावशी, याला रंग आहेच की. मग परत कशाला?’ मी त्याला दोन पाय शेजारी ठेवून दाखवले. एक जोडून तसाच ठेवलेला, दुसऱ्यावर नुसता मॅट क्लिअरचा, म्हणजे चकाकी घालवणाऱ्या बिनरंगी थराचा हात. मूळ कथेत हा रोबो 18 मीटर उंच आहे, म्हणजे 1/144ला साडेबारा सेंटिमीटर. अठरा मीटरच्या लोखंडी यंत्रावर खिडकीचा उजेड असा लखलखत नाही. प्लॅस्टिकची चकाकी गेली की डोळा आपोआप ते मोठं मानायला लागतो. भाचा बराच वेळ मॅट पाय हातात धरून बसला, मग म्हणाला, ‘हा जड वाटतोय.’ वजन दोघांचं सारखंच होतं. मला जे म्हणायचं होतं ते त्यानेच म्हटलं.

खरेदीबद्दल लोक मला सारखं विचारतात, तेव्हा माझं मत सरळ सांगते: पहिलं किट छोटं घ्या. खोक्यावर श्रेणी छापलेली असते. एचजी (हाय ग्रेड) 1990पासून आहे, बहुतेक 1/144. एमजी (मास्टर ग्रेड) 1995ला आली, 1/100, आत हलणारा सांगाडा आणि वरून कवच. पीजी (परफेक्ट ग्रेड) 1998ची, 1/60, म्हणजे तोच रोबो तीस सेंटिमीटरचा. आरजी (रिअल ग्रेड) 2010ला आली, माप पुन्हा 1/144च, पण त्यात एमजीइतकं बारीक काम कोंबलेलं. माप छोटं म्हणून आरजी सोपी असेल असं समजून नवखे घेतात आणि तांदळाच्या दाण्याएवढे भाग चिमट्याने बसवताना रडकुंडीला येतात. मी सुरुवातीलाच एमजी घेतली होती. सांगाडा हौसेने जोडला, कवचापर्यंत पोचले आणि थकले. ते किट तीन वर्षं अर्धवट पडून होतं. दरम्यान एक साधी एचजी घेतली, सगळे गेट साफ केले, सांध्यांच्या रेघा बुजवल्या, रंगवली, पूर्ण केली. त्या एकाने जे शिकवलं ते अर्धवट एमजीने शिकवलं नसतं.

आणि न उघडलेल्या खोक्यांचा ढीग. जपानी शौकीन त्याला ‘त्सुमीपुरा’ म्हणतात, रचून ठेवलेली प्लॅस्टिक मॉडेलं. साठा संपला, आता मिळणार नाही, या धास्तीने माणूस घेत सुटतो. पण बहुतेक नेहमीच्या किटांचे साचे पुन्हापुन्हा चढतात, माल परत येतो. काही किटं फक्त मागणी नोंदवून मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांसाठी चढा भाव देण्यापेक्षा थांबावं. मी नियम केला आहे: टेबलावरचं पूर्ण झाल्याशिवाय नवं खोकं नाही. मोडते कधीकधी, पण नियम आहे.

आता सगळ्यात वाईट अनुभव. खाचांमध्ये काळी-राखाडी रेघ भरली की रोबोचे पत्रे वेगवेगळे दिसायला लागतात. त्यासाठी बाटलीतला पातळ एनॅमल रंग मिळतो, ब्रशचं टोक खाचेला टेकवलं की रंग आपोआप धावत जातो. बघत राहावं असं दृश्य आहे ते. माझा रोबो पूर्ण जोडलेला होता, न रंगवलेला, आणि मी कंबरेच्या खाचांमध्ये सढळ हाताने रंग सोडत होते. सकाळी उचलला तर मांडी निखळून हातात आली. खुंटीभोवतीचं प्लॅस्टिक तडकलं होतं, बिस्किटासारखं.

कारण नंतर कळलं. घट्ट बसलेल्या खटक्यात प्लॅस्टिक ताणलेलं असतं. एनॅमलमधलं पातळ द्रावण फटीतून आत झिरपतं आणि त्या ताणलेल्या जागीच घाव घालतं. एबीएस प्लॅस्टिक यात विशेष नाजूक. रनरच्या कडेला असलेल्या पट्टीवर कोणतं प्लॅस्टिक आहे ते उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पीएस की एबीएस. तेव्हापासून मी ती पट्टी वाचल्याशिवाय बाटली उघडत नाही. भाग सुटे करून, आधी लॅकर क्लिअरचा चकचकीत हात देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच रेघ भरते, आणि थोडीच. चकचकीत थराचा आणखी एक फायदा, जादा रंग कापसाच्या काडीने सहज पुसला जातो.

एअरब्रशबद्दल, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाबद्दल, फार लिहीत नाही, ते हातानेच कळतं. रंग दुधाइतका पातळ, थर पातळ, एका जागी थांबायचं नाही, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. स्प्रेचा डबा असला तरी शेवटचं तेच. एक मात्र आवर्जून: लॅकरच्या वाफेसाठी कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, रासायनिक वाफ शोषणारे फिल्टर असलेलाच लागतो. खिडकी उघडी आहे म्हणून तो काढू नका. आणि दमट दिवशी क्लिअर मारू नका. द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी थरात अडकतं आणि सगळं दुधाळ होतं. माझा एक गडद हिरवा रोबो असा रात्रीत धुक्यात गेला होता. कोरड्या दिवशी त्यावर पुन्हा जरा ओलसर हात मारला, तेव्हा धुकं विरलं आणि हिरवा परत आला. त्या दिवशी मी ओरडलेच.

रंगांपैकी सगळ्यात हट्टी पिवळा. राखाडी प्रायमरवर थेट मारला तर कितीही थर द्या, मळकटच. खाली पांढरा द्यावा लागतो, आणि ऊब हवी असेल तर फिकट गुलाबी. पांढराही निव्वळ पांढरा वापरत नाही मी, त्यात निळसर राखाडीचा थेंब टाकते. सूचनापुस्तिकेत रंगांची मिश्रणं टक्क्यांत दिलेली असतात, तिथून सुरुवात करते आणि मग डोळ्यांना पटेपर्यंत बदलते.

तो खांदा आता मगर-चिमट्यात अडकवून काडीवर उभा आहे, निळसर पांढरा, दुसरा थर वाळतोय. डाव्या खांद्याला अजून प्रायमर लागायचा आहे. आज दिव्याखाली धरला तर वरच्या कोपऱ्यात गेटची खूण दिसली, अगदी पुसट. 600चा तुकडा कापून ठेवला आहे.