छोटा काटा, मोठा काटा

मार्च संपता संपता कोल्हापुरातल्या कुठल्याही बोळात शिरा आणि सलग चार शिंका आल्या, की समजायचं, जवळपास कुणाकडे तरी चटणी चाललीय. चटणी म्हणजे आमची कांदा-लसूण चटणी, वर्षाची. वळीव पडायच्या आत मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, भाजायचं ते भाजायचं, तळायचं ते तळायचं आणि कांडपाला नंबर लावायचा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी घरातल्या पुरुषांच्या फुशारकीला, असं आमच्या सासूबाईंचं गणित. मी त्यांना आत्या म्हणते. मिरचीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

मिरची घ्यायला गेलं, की दुकानातले दोन काटे बघत बसायची मला सवय आहे. मोठा काटा दाराशी जमिनीवर. त्यावर पोती चढतात, उतरतात, पावशेर इकडे-तिकडे झालं तर मालक वर आणखी मूठभर टाकतो आणि म्हणतो, “न्या वैनी.” छोटा काटा गल्ल्याजवळ, काचेआड. त्यावर लवंग, वेलदोडा, जायपत्री, बाद्यान. इथे मालकाचा स्वभावच बदलतो. लवंगेचे चार दाणे जास्त पडले तर चिमटीनं उचलून परत बरणीत. किलोभर मिरचीला लवंग तोळाभर, तीही मोजून.

शाळेत घोकलेला जगाचा इतिहास, निदान समुद्रावरचा, सगळा या छोट्या काट्यावरचा आहे.

लवंगच घ्या. इंडोनेशियाच्या पूर्वेला मोलुक्का बेटांत तेर्नाते, तिदोर आणि त्यांच्या शेजारची दोन-चार चिमुकली बेटं, एवढीच तिची मूळ जागा. मॅगेलन १५१९ मध्ये स्पेनहून पाच जहाजं घेऊन निघाला तो या बेटांकडे पश्चिमेकडून वाट शोधायला. तो स्वतः वाटेत फिलिपाइन्समध्ये मारला गेला. १५२२ मध्ये एकच जहाज परत आलं, त्यावर अठरा माणसं. पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा म्हणून आपण ते पाठ केलं. सावकारांनी मात्र आधी जहाजाचं पोट उघडून बघितलं असणार. आत लवंग होती, आणि तेवढ्या लवंगेत मोहिमेचा खर्च निघाला. एक जहाज अर्ध्या वाटेतून पळून परतलं होतं, तीन जहाजं आणि पुष्कळ माणसं गेली, तरीही.

जायफळ-जायपत्रीची गोष्ट याहून वाईट. तेव्हा ती फक्त बांदा बेटांवर व्हायची. मक्ता आपल्याच हातात राहावा म्हणून डच कंपनीच्या यान कूननं १६२१ मध्ये ती बेटं जवळजवळ निर्मनुष्य केली. हजारोंच्या वस्तीतली थोडकी माणसं उरली, बाकीची मारली गेली, उपासमारीनं मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून विकली गेली. त्या बेटांपैकी रन नावाच्या एका ठिपक्यावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ च्या ब्रेडा तहात तो ठिपका डचांकडे राहिला आणि इंग्रजांकडे राहिलं मॅनहॅटन. म्हणजे आजचं न्यूयॉर्क. तेव्हा पुष्कळांना डचांनीच बाजी मारली असं वाटलं असेल. आज ती जायपत्री मी पुडीत बांधून घेते आणि निम्मी डब्यात तशीच वास जाईपर्यंत पडते.

आणि मिरे. ते तर आपल्या घराजवळचे, केरळचे. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये वारला, त्याच्या ममीच्या नाकात मिरे सापडले. (राजाला मेल्यावर ठसका लागायचा प्रश्न नव्हता.) रोमनांना मिऱ्याचं असं काही वेड लागलं, की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) हिंदुस्थानात जातात म्हणून त्यांच्यातल्या प्लिनी नावाच्या लेखकानं हाय खाल्ली. इसवी सन ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला, तेव्हा त्यानं सोन्या-चांदीबरोबर ३,००० पौंड मिरे मागितले आणि रोमनं ते दिले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तो याच मालासाठी.

आता मोठ्या काट्याकडे या. मिरचीसाठी कुणी गलबत सोडलं नाही. कुणी तह केला नाही. तिला शोधायला कुणी निघालंच नव्हतं.

कोलंबस निघाला होता मिऱ्याच्या देशाला. पोचला कॅरिबियन बेटांवर. तिथले लोक ‘अजी’ नावाची एक तिखट शेंग खात होते. मिऱ्यापेक्षा ती सरस आहे, असं त्यानं १४९३ च्या जानेवारीत रोजनिशीत टिपून ठेवलं. पण युरोपच्या व्यापाऱ्यांना तिच्यात फार पैसा दिसला नाही, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. जे बी कुणाच्याही परसात, डालड्याच्या डब्यातसुद्धा उगवतं, त्याचा मक्ता कसा घेणार? मिऱ्याच्या वेलाला मलबारचा पाऊस लागतो. लवंगेच्या झाडाला फळायला वर्षं लागतात. मिरचीला उन्हाचा तुकडा दिला की त्याच हंगामात हाताशी येते, वाळवली की वर्षभर टिकते, आणि पुढच्या पेरणीचं बी तिच्याच पोटात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली आणि मग घाट चढायला तिला राजाज्ञा लागली नाही. एखाद्या बाईच्या पदराच्या गाठीत बसेल एवढंच तर बी. घरात सगळ्यात शेवटी आलेल्या सुनेनं वर्षाच्या आत कोठीच्या किल्ल्या कमरेला लावाव्यात, तसं झालं. मिरे, सुंठ, पिंपळी या हजारो वर्षांच्या मानकरणी. त्या गेल्या काढ्याच्या डब्यात.

ती परतायला लागणारं शेंगतेलही त्याच बाजूचं. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा.

जाताना त्याच गलबतांतून उलट काय गेलं, हे मात्र मिरची निवडताना आठवलं की हात थांबतो. १५१८ मध्ये कोलंबसाच्याच हिस्पॅनिओला बेटावर देवीची साथ पोचली, १५२० मध्ये मेक्सिकोत. ‘अजी’ पिकवणाऱ्या तैनो लोकांची गावंच्या गावं युद्ध, वेठबिगारी आणि रोगानं रिकामी झाली. मेक्सिकोत मिरची किमान सहा हजार वर्षं लोकांच्या हाताखाली होती. जंगली, मटाराएवढ्या दाण्यापासून निवडून निवडून त्यांनी ती मोठी केली. आपण आयतं, निवडलेलं बी घेतलं.

चटणीत बाकी जे पडतं त्यातलं बरंचसं फार जुनं. धने आणि लसूण दोन्ही इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडले, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीही पुढच्या प्रवासाला हेच बांधून द्यायचे. तीळ आपले, हडप्पात जळलेले दाणे मिळालेत. हळद आणि आलं हरियाणातल्या फरमाणा इथल्या हडप्पाकालीन भांड्यांना चिकटलेलं मिळालं. खसखस भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाची. हिंग अफगाणिस्तान-इराणचा. तो आपल्या देशात लावायला सुरुवात झाली २०२० मध्ये, लाहौलच्या खोऱ्यात. इतकी वर्षं रोजच्या फोडणीत घालूनही!

आणि या सगळ्याहून जुना पाटा. शेती दहा-बारा हजार वर्षांची. पण गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथे २३,००० वर्षांपूर्वीचा दळायचा दगड सापडला, त्यावर रानटी जवाचे कण होते. पेरायची अक्कल यायच्या कितीतरी आधी माणूस वाटत बसलेला होता. माणूस कसला, बाईच. सीरियात अबू हुरेरा नावाचं फार जुनं शेतकऱ्यांचं गाव खणलं, तिथल्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्यांची हाडं वाकलेली, गुडघे आणि पाठीचे खालचे मणके झिजलेले आढळले, मुख्यतः बायकांचे. दिवसाचे कित्येक तास गुडघ्यांवर बसून, अंगठे जमिनीत रोवून, पुढे-मागे दळत राहिल्याच्या या खुणा. शेतीनं माणसाला स्थिर केलं असं पुस्तकात असतं. कुणाच्या मणक्यावर, ते या हाडांनी सांगितलं. आमच्या आत्या कांडपाच्या दुकानात स्टुलावर बसून, यंत्राचे मुसळ आपोआप वर-खाली होताना बघत असतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख असतं, ते मला त्यामुळे कळतं. सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी हे सगळं उखळात कुटलंय. डोळ्यांची आग दोन दिवस जायची नाही म्हणतात.

एकदा त्यांना टाऊन हॉलच्या म्युझियमला घेऊन गेले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला, नंतर सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खननही केलं. त्या साठ्यातला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, इथे ठेवलाय. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापारातून आलेला. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावर, समुद्राचा देव. मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागले, की बघा आत्या, तेव्हाही कोल्हापूर जगाशी कसं जोडलेलं होतं. त्यांनी मूर्ती नीट बघितली, चष्मा पुसून परत बघितली.

मग मी म्हटलं, “हा इथं आला तेव्हा गावात मिरची नव्हती.”

“मिरची न्हवती? मग तिखट काय खात हुती?”

“मिरे, सुंठ, पिंपळी, मोहरी.”

“आन् रस्सा?”

मी जरा विचार केला. तांबडा शक्यच नव्हता. पण पांढऱ्याचा माल बघितला तर मटणाचं पाणी, तीळ, खसखस, नारळ, मिरे, लवंग, सगळं कोलंबसाच्या आधीच्या जगातलं.

“पांढरा जमला असता,” मी म्हटलं.

“निस्ता पांढरा? म्हंजे निम्मंच कोल्हापूर की गं.”

“काजू मात्र काढायला लागले असते,” मी म्हटलं, “तो ब्राझीलचा.”

“काजू हाटेलवाली घालत्यात,” आत्या म्हणाल्या. “आपल्यात कधी घातलाय?”