मेडिकलची फी आणि घरातला हिशोब

माझा लहान भाऊ नागपुरातच एका खासगी मेडिकल कॉलेजला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अॅडमिशन झाली तेव्हापासून पैशाचं सगळं मीच पाहते, बँक, महाडीबीटी (सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल), कॉलेजचा अकाउंट सेक्शन, सगळं. आणि कॅप राऊंड, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या, सुरू झाले की काटोलकडून, नरखेडकडून नातेवाईकांचे फोन सुरू होतात, ताई तुम्ही कसं केलं, लोन भेटते का, शेत विकावं लागते का. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

आधी फरक समजून घ्या कारण तो फार मोठा आहे. नागपुरातल्या सरकारी कॉलेजांत, म्हणजे आपल्या मेडिकलला किंवा मेयोला, वर्षाची फी साधारण दीड लाखाच्या आसपास जाते. मिहानच्या एम्सला तर ट्यूशन फी काही हजारांतच आटोपते. आणि नीटमध्ये थोडे मार्क कमी पडले की तेच पोरगं खासगीत जाते जिथे वर्षाला दहा लाखांच्या आगेमागे लागतात, आणि डीम्डला (अभिमत विद्यापीठाला) गेलं तर वीस लाखांच्याही वर, त्यात हॉस्टेल मेस वेगळं. मॅनेजमेंटच्या कोट्यातून घेतली तर कित्येक पट. पोरगं तेच, अभ्यास तोच, फक्त मार्कांच्या त्या छोट्याशा फरकानं घराची पुढची दहा वर्षं बदलून जातात. हे मला आजही पटत नाही.

खासगी कॉलेजची फी कॉलेज मनानं ठरवत नाही, निदान कागदावर तरी. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं फी नियामक प्राधिकरण आहे, एफआरए म्हणतात, कॉलेज आपला खर्च, प्राध्यापकांचे पगार वगैरे दाखवून प्रस्ताव देते आणि प्राधिकरण फी मंजूर करते. ती साइटवर टाकलेली असते. प्रेफरन्स भरायच्या आधी ती यादी उघडा आणि मागच्या दोन तीन वर्षांच्या फीशी ताडून पाहा, म्हणजे कोणतं कॉलेज दर वर्षी किती वाढवते ते दिसते. डीम्ड मात्र ह्या प्राधिकरणाखाली येत नाही. आणि कोणी पावतीशिवाय पैसे मागितले तर तो गुन्हा आहे, कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ पासून आहे आपल्याकडे.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आपल्या घरांत फीबद्दल कोणी बोलतच नाही. बाबा म्हणायचे तू अभ्यास कर, पैशाचं मी पाहतो. आईनं पाटल्या मोडायचं मनात ठरवून टाकलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. आणि पोट्ट्यानं काय केलं तर मेस बंद करून टाकली. सकाळी टपरीवर तर्री पोहे खायचे आणि मग थेट रात्री जेवायचं, का तर म्हणे तेवढेच बाबांचे वाचतील. मला हे त्याच्या रूममेटकडून कळलं. वर्षाला लाखांची फी आणि हा मेसचे दोन तीन हजार वाचवून अशक्तपणा ओढवून घेऊन राहिला, वॉर्डात उभं राहायचं असते ह्या लोकांना तासन् तास. मी त्याला रागावले नाही, रडूच आलं मला. प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प आणि त्या गप्प राहण्यानंच सगळ्यांना जास्त त्रास.

मग पोळ्याला सगळे घरी होतो तेव्हा मी वही काढली आणि सगळ्यांसमोर मांडलं. साडेचार वर्षांची फी (इंटर्नशिपच्या वर्षाची फी द्यायची नसते हे लक्षात ठेवा), दर वर्षी थोडी वाढ धरून. हॉस्टेल. मेस. पुस्तकं. विद्यापीठाची परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, जी ट्यूशनपेक्षा वेगळी असते आणि स्कॉलरशिपमध्ये धरत नाहीत, इथंच बहुतेक लोकांचा हिशोब चुकतो. दुसऱ्या बाजूला बाबांच्या कृषी केंद्राचं उत्पन्न, संत्र्याचा बहार (तो कधी येतो कधी गळून जातो), माझा पगार. आकडा पाहून आई थोडा वेळ काही बोललीच नाही. पण भावाचा चेहरा मोकळा झाला, कारण त्याच्या डोक्यातला आकडा खऱ्या आकड्यापेक्षाही मोठा होता, एकट्यानं विचार करून करून वाढवलेला.

लोनचं सांगते. साडेसात लाखांपर्यंत एज्युकेशन लोनला तारण लागत नाही, सरकारची क्रेडिट गॅरंटी असते. त्याच्यावर गेलं की तारण मागतात. बाबा म्हणाले पाच एकर ओलिताचं आहे, ते लावू. बँकेनं घेतलंच नाही. कारण असं की सरफेसी म्हणून जो वसुलीचा कायदा आहे त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून बँका शेतीच्या तारणावर असं लोन द्यायला सहसा तयार होत नाहीत. शेतकऱ्याचं रक्षण करायला ठेवलेली तरतूद, चांगलीच आहे, पण त्या दिवशी बाबांना काय वाटलं असेल, आयुष्यभर ज्या जमिनीला सगळं मानलं तिची बँकेच्या टेबलावर किंमत शून्य. शेवटी मोठ्या काकांनी मानेवाड्याचा एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट तारण दिला. त्यांनी एकदाही उपकार केल्यासारखं दाखवलं नाही, हे मी कधी विसरणार नाही.

व्याज कोर्स संपल्यावर भरायचं असते असं सगळे समजतात. हप्ता तेव्हा सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. पहिल्या वर्षी चार लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला तर वर्षाला चाळीस हजार, म्हणजे कोर्स, इंटर्नशिप आणि हप्ता सुरू व्हायच्या आधीचं वरचं एक वर्ष धरून नुसत्या त्या चार लाखांवर दोन लाख साठ हजार होतात, तेही सरळ व्याजानं. म्हणून आम्ही व्याज महिन्याच्या महिन्याला भरतो, माझ्या पगारातून. अनेक बँका असं भरणाऱ्याला व्याजात एक टक्का सूट देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदानाची योजना आहे, त्याची चौकशी लोन घेतानाच करा, नंतर नाही.

स्कॉलरशिप. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणून निम्मी ट्यूशन फी सरकार देते. ओपनमधल्या आठ लाखांच्या आतल्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून तसंच आहे. आणि मुलींना २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीमध्ये उत्पन्नाच्या अटीत बसलं तर ट्यूशन फी पूर्ण माफ, हे अजून गावात कित्येकांना माहीतच नाही, बापहो मुलीची सीट सोडू नका! पण अॅडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ह्यातलं काही लागू नाही.

आमच्या कॉलेजनं तरीही पहिल्या वर्षी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत करू म्हटलं. आता परत कधी येणार त्याचा पत्ता नाही आणि तेवढे पैसे असते तर स्कॉलरशिप कशाला मागितली असती. मी शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. एकटीचं कोणी ऐकलं नाही. मग त्याच्या बॅचचे काही पालक मिळून गेलो, यवतमाळचे होते, गोंदियाचे होते, तेव्हा अर्ध्या फीवर आले. तोंडी काही बोलू नका, कागद द्या आणि एकटे जाऊ नका. इस्लामिक अकॅडमीच्या २००३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेही सांगून ठेवलंय की एका वर्षापेक्षा जास्त फी आगाऊ घेता येत नाही, हे पण माहीत असू द्या.

कोर्टानं पुढे २०२२ मध्ये आंध्रच्या एका प्रकरणात तिथल्या सरकारनं फी वर्षाला चोवीस लाख केली होती, आधीच्या सात पट, ती वाढ रद्दच ठेवली आणि म्हटलं की शिक्षण हा नफ्याचा धंदा नाही, फी परवडणारीच पाहिजे. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं पत्र काढलं की खासगी आणि डीम्डच्या निम्म्या जागांची फी सरकारी कॉलेजइतकी ठेवा. आमच्या पावतीवर ह्यातलं काही उतरलेलं नाही. २०१४ ला देशात एमबीबीएसच्या एकावन्न हजारांवर जागा होत्या, २०२४ ला एक लाख बारा हजार झाल्या, चांगलं आहे, पण त्यातल्या जवळपास निम्म्या जागा खासगीत असतील तर वाढल्या कोणासाठी हे विचारायला नको का? डोक्यावर वीस पंचवीस लाख घेऊन निघालेला डॉक्टर एटापल्ली किंवा धारणीसारख्या आदिवासी भागात जाईल कसा, तो नागपूरच्या धंतोली रामदासपेठेतच थांबेल आणि मी त्याला नावं नाही ठेवणार. माझा भाऊ बारावीपर्यंत म्हणायचा गावातच दवाखाना टाकीन. आता म्हणत नाही.

ज्यांचं पुढच्या वर्षी आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर आत्ताच काढायला टाका, निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते. आधार बँकेला लिंक आहे ना पाहा, नाहीतर महाडीबीटीचे पैसे अडकतात. आणि पोराला वहीसमोर बसवा, अठरा वर्षांचं असते ते, त्याला समजते.

आमचं अजून बाकी आहे. त्याला पुढे एमडी मेडिसिन करायचंय आणि खासगी पीजीची फी आम्हाला झेपणार नाही हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितलंय, सरकारी सीट नाही मिळाली तर आधी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून काम करून थोडं लोन फेडायचं असं त्यानंच सुचवलं. बाबांना ते अजून पटलेलं नाही. दिवाळीत बसून ठरवू.