तुम्ही विचारलंत म्हणून: सँतोरिनी सोडून मेसीनीला कशाला?

“ग्रीसला जाऊन सँतोरिनी केलं नाहीत? मग पाहिलंत तरी काय?” लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत हा प्रश्न मला गाठतो. पेलोपोनीजच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, खेड्यांतून फिरले असं सांगितलं की पाठोपाठ दुसरा येतो, “पडक्या दगडांत एवढं काय असतं?” दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

सँतोरिनीशी माझं भांडण नाही. अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिसही पाहावंच, गर्दीत धक्के खात का होईना. पण तिथे देवळं दिसतात, गाव दिसत नाही. गावातली माणसं कुठून पाणी भरत होती, कुठे भांडत होती, कोणाला घाबरून एवढी भिंत बांधली, हे मला बघायचं असतं. ते ग्रीसच्या खेड्यांत दिसतं. सगळ्यात चांगलं दिसतं मेसीनीत.

प्राचीन मेसीनी हे मावरोमाती नावाच्या लहानशा गावाच्या खाली, इथोमी डोंगराच्या कुशीत आहे. हे शहर हळूहळू वाढलेलं नाही, ते ठरवून वसवलेलं आहे. या सुपीक मुलखातली माणसं काही शतकं स्पार्टा या लढवय्या नगरराज्याच्या ताब्यात होती. जमीन त्यांची, राबणारे हातही त्यांचेच, पीक मात्र स्पार्टाचं. इ.स.पू. 371मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्ज या दुसऱ्या नगरराज्याचा सेनापती एपामिनोंडास याने स्पार्टाचं कंबरडं मोडलं आणि दोनच वर्षांत, इ.स.पू. 369मध्ये, या लोकांना त्यांचं स्वतःचं शहर उभारून दिलं. पिढ्यान् पिढ्या परागंदा झालेले मेसीनियन सिसिलीहून, इटलीहून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परत आले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरून प्रवासवर्णन लिहिणारा पॉसेनिअस सांगतो की बांधकाम बासरीच्या सुरावर चाललं होतं. मला हा तपशील भारी आवडतो. वेठबिगारीत गेलेल्या लोकांचं पहिलं स्वतःचं काम, आणि तेही वाजतगाजत.

तटबंदी साधारण नऊ किलोमीटरची. चुना नाही, माती नाही, नुसते घडीव दगड एकमेकांत बसवलेले, आणि उत्तरेकडचे बुरूज अजून ताठ उभे. तिथला आर्केडियन दरवाजा पाहताना आपल्याकडच्या गडांवर हिंडलेल्या माणसाचे पाय थबकणारच. बाहेरचा दरवाजा, आतला दरवाजा, आणि मधे गोल चौक. पहिला दरवाजा फोडून शत्रू आत घुसला की चारी बाजूंनी उंच भिंतींमध्ये कोंडला जाणार. आपल्या गोमुखी दरवाजांमागचा डोकेबाज दुष्टपणा तो हाच, फक्त दोन हजार वर्षं आधीचा. आतल्या दरवाजाची एक अजस्र शिळा कलंडून तिरकी टेकलीय. या दरवाजातून आजचा डांबरी रस्ता जातो. मी चौकाच्या गोलाईचे फोटो काढत होते, तर मागून एका पिकअपवाल्याने हॉर्न दिला. त्याचं बरोबर होतं, रस्ता त्याचा होता.

खाली, तिकीट काढून आत गेलं की अख्खं शहर पसरलेलं. नाट्यगृह, बाजारचौक, आरोग्यदेव अस्क्लेपिओसचं मोठं आवार, आणि शेवटी घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम, तीन बाजूंना खांबांच्या ओळी. यातलं बरंचसं पुरातत्त्वज्ञ पेत्रोस थेमेलिस यांनी 1980च्या दशकापासून पुढची कित्येक दशकं खपून मातीतून बाहेर काढलं आणि पडलेले खांब पुन्हा उभे केले. सावलीला ऑलिव्हची झाडं. आणि मावरोमातीच्या मधोमध तो झरा, क्लेप्सिद्रा, ज्याचं पाणी त्या काळी बाजारचौकातल्या कारंज्याला पुरवलं जायचं. दंतकथेत बाळ झ्यूसला इथेच न्हाऊ घातलं होतं. मी बाटली भरून घेतली. वरच्या टॅव्हर्नात, म्हणजे खानावळीत, जेवायला बसलं की पानासमोर अख्खं स्टेडियम. यापेक्षा चांगलं टेबल सँतोरिनीत मिळत असेल तर कळवा.

सगळीकडे मात्र असं भरलेलं काही हाती लागत नाही. बासाईचं अपोलोचं देऊळ 1,131 मीटर उंचीवर, आर्केडियाच्या डोंगरांत. फिगालिया गावच्या लोकांनी साथीतून वाचल्याबद्दल बांधलं आणि स्थपती इक्टिनोस, म्हणजे अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरचं पार्थेनॉन देऊळ बांधणाराच, असं पॉसेनिअस लिहितो. 1986मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेलं हे ग्रीसमधलं पहिलं स्थळ. पण वळणं घेत घेत वर पोचलात की आधी दिसतो एक प्रचंड पांढरा तंबू! ऊन, पाऊस, बर्फ यांपासून वाचवायला 1987मध्ये देवळावर घातलेला. कोणी यावर वैतागतं. मला तंबूतलं देऊळ आवडलं. आत करडे चुनखडीचे खांब अंगावर येतात आणि वाऱ्याने कापड फडफडत असतं. आतली शिल्पपट्टी मात्र तिथे नाही. 1811-12मध्ये उकरून नेलेली ती 23 फलकांची पट्टी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इथे बघायची ती तिची रिकामी जागा, आणि ती बघावीच.

पिलोसजवळच्या, होमरच्या महाकाव्यातल्या नेस्टर राजाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजवाड्याचंही अर्धं तसंच. इ.स.पू. 1200च्या सुमाराला राजवाडा जळाला, आणि त्या आगीत कच्च्या मातीच्या, अक्षरं कोरलेल्या पाट्या भाजून टिकल्या. 1939मध्ये पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेनला त्या सापडल्या, 1952मध्ये मायकेल व्हेंट्रिसने त्यांवरची लिपी उलगडली, आणि निघालं काय तर मेंढ्या, तेल, काशाचा हिशेब. महाकाव्यातल्या राजाच्या घरी सापडली ती कारकुनांची वही! पाट्या आता अथेन्सला आहेत, पण रंगवलेल्या मातीचा न्हाणीतला टब अजून जागच्या जागी आहे.

“पोरांना अवशेषांचा कंटाळा येतो” असंही ऐकते. त्यांना दिमित्सानाला न्या. आर्केडियाच्या त्या डोंगरी गावात पाण्याच्या शक्तीचं खुलं संग्रहालय आहे. पाणचक्की, चामडं कमावण्याची जागा, आणि पाण्यावर चालणारी दारूगोळ्याची गिरणी, तिचे कुटणारे मुसळ धडाधड आपटताना दिसतात. 1821च्या स्वातंत्र्ययुद्धाला बंदुकीची दारू इथून जायची, आणि काडतुसं गुंडाळायला कागद कमी पडला तेव्हा गावच्या ग्रंथालयातली पुस्तकं फाडली गेली. मुलं हे विसरत नाहीत. मोठी माणसंही नाहीत.

वाटेत मेगालोपोलीलाही एपामिनोंडासचाच हात लागलेला आहे. ग्रीसमधलं सगळ्यात मोठं म्हणून पॉसेनिअसने नोंदवलेलं नाट्यगृह, आणि क्षितिजावर लिग्नाइट कोळशाच्या वीजकेंद्राची धुराडी. अर्धा तास पुरे.

आता शाकाहाऱ्यांचा प्रश्न, कारण तो येतोच. उपाशी राहत नाही. मोठ्या पांढऱ्या शेंगबियांची भट्टीत भाजलेली उसळ, तिला गिगांतेस म्हणतात. उकडलेल्या रानभाजीवर लिंबू आणि तेल, ती होर्ता. तेलात शिजवलेली भेंडी, वांगी, फरसबी. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास खूप, त्यामुळे मांस-दूध-अंडं नसलेलं जेवण सगळ्यांना ठाऊक आहे. “निस्तीसिमा” म्हणालात की समजतं. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस चालतो. तेव्हा तो नको हे वेगळं सांगा.

मुक्काम कलामातात करा. अथेन्सहून तिथवर महामार्ग आहे, बस जाते, पण खेड्यांसाठी गाडी हवीच; आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा, जुलै-ऑगस्टचं ऊन दगडावर सोसत नाही. हिवाळ्यात बहुतेक स्थळं दुपारी साडेतीनच्या सुमाराला बंद होतात, म्हणून सकाळीच निघा. आणि गाडीच्या नकाशात नुसतं मेसीनी टाकलंत तर तो तुम्हाला कलामाताजवळच्या आजच्या मेसीनी शहरात नेऊन सोडेल, मावरोमाती टाका.