गु.र.नं. मध्ये आपलं नाव आलं तर

ठाण्यातून फोन येतो, "साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा." जायच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) आणि लावलेली कलमं. नुसती एनसी (नॉन-कॉग्निझेबल नोंद) असेल तर प्रकरण अदखलपात्र आहे आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना त्यात तपासही करता येत नाही. एफआयआर असेल तर तिची प्रत काढा. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. ती मिळाल्याशिवाय वकीलही नेमकं काही सांगू शकत नाही. घटनेची तारीखही बघा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनी भादंवि (भारतीय दंड संहिता) लागते, नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता. अर्जावर चुकीचं कलम पडलं की तो दुरुस्त करण्यात दिवस जातो.

कलमांवरून पहिला फरक कळतो तो जामीनपात्र की अजामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यातच टेबल जामीन होतो आणि तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. अजामीनपात्र असलं म्हणजे अटक होणारच, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत बहुतेकदा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची हजर राहण्याची नोटीस येते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४१-अ). नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी ती तशी आली म्हणून घरी बसू नका. लेखी उत्तर द्या, हजर राहा आणि पोच घ्या. पुढे "आरोपी तपासात सहकार्य करत नाही" असं रिमांड रिपोर्टात (कोठडी मागताना पोलिस कोर्टाला देतात त्या अहवालात) आलं तर दाखवायला तो कागद लागतो.

जबाबाबद्दल लोकांचे गैरसमज फार. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही द्यायची नसते आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. अपवाद आहे, आणि तो मोठा. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. "सही करा, लगेच सोडतो" म्हणून पुढे केलेल्या निवेदन पंचनाम्याचा (आरोपीने दिलेली माहिती पंचांसमोर लिहून घेतलेल्या कागदाचा) उपयोग इथे होतो. कोऱ्या कागदावर तर सही करूच नये. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

अटक झालीच तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. अटकेची कारणं लेखी आणि समजणाऱ्या भाषेत द्यायची असतात. तत्काळ लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवून दिलं. रिमांडच्या वेळी वकिलाने पहिल्यांदा हाच कागद मागावा. मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेट "काही तक्रार आहे का?" असं विचारतात, तेव्हाच सांगायचं. आठवड्याने सांगितलेल्या तक्रारीला वजन उरत नाही.

वकील कोणता घ्यावा? मोठ्या शहरातल्या नामांकित नावापेक्षा त्याच कोर्टात रोज उभा राहणारा फौजदारी वकील बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतो, निदान जामिनापर्यंत. वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या: फी फक्त जामिनाची की निकालापर्यंतची, साक्षीपुरावा सुरू झाल्यावर वेगळी द्यायची का, तुम्ही नसाल त्या तारखेला कोण उभं राहणार. पावती मागायला संकोच नको. पुढे वकील बदलायचा झाला तर आधीच्याची ना हरकत लागते आणि फीचा वाद असला की ती अडते.

पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो, किंवा १५१०० वर फोन. कोठडीत असलेली व्यक्ती, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. "फुकटचा वकील काय करणार" हा टोमणा ऐकून लोक कर्ज काढतात. पण पॅनेलवरचा वकील रोज त्याच कोर्टात असतो. तो लक्ष देत नसेल तर समितीकडे लेखी मागून बदलून घेता येतो.

आता जामीनदार. निम्मी माणसं इथे अडकतात. दुपारी चारला हुकूम होतो, अमुक रकमेचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. त्या वेळी जामीनदार गावाकडे असतो. कागद सकाळपासून तयार हवेत: ताजा सातबारा आणि आठ-अ किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, फोटो, नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. अडतं कुठे, तर सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, जमीन सामाईक असते किंवा इतर हक्कात बँकेचा बोजा असतो. म्हणून दोन जामीनदार हाताशी ठेवा. तेही जमत नसेल तर त्याच दिवशी तात्पुरत्या रोख जामिनाचा आणि जामीनदार द्यायला मुदतीचा अर्ज द्यावा. कोर्टाच्या फाटकाबाहेर भाड्याने मिळणारा जामीनदार अजिबात घेऊ नका. कागद बनावट निघाले की एका केसच्या दोन होतात. जामीन होऊनही जामीनदाराअभावी सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. घरच्यांनी त्याची वाट न बघता स्वतःच जाऊन सांगावं.

अटकपूर्व जामीन तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडे मिळत नाही, त्यासाठी सत्र न्यायालय किंवा हायकोर्ट. अॅट्रॉसिटी कायद्याच्या गुन्ह्यात कलम १८ ची बंदी आडवी येते.

आरोपी आत असेल तर घरात कॅलेंडरवर खुणा करा. दोषारोपपत्र (चार्जशीट) साठ दिवसांत आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत नव्वद दिवसांची आहे. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. पण हा जामीन आपोआप होत नाही. अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क संपतो. म्हणून एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज टेबलावर हवा.

दोषारोपपत्र आलं की त्याची पूर्ण नक्कल विनामूल्य मिळते. पानं मोजून घ्या. पंचनाम्याचं मागचं पान, वैद्यकीय दाखला, सीडीआर (मोबाईल कॉलचा तपशील) हेच हमखास गळालेलं असतं. वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा) दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सोडावं असा अर्ज नक्कल मिळाल्यापासून साठ दिवसांत द्यायचा असतो. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या समन्स केसमध्ये ही पायरीच नाही.

किरकोळ केसमध्ये "कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. कबुली म्हणजे दोषसिद्धी. नोकरीच्या फॉर्मवर ती लिहावी लागू शकते. गुन्हा आपसात मिटवण्याजोगा असेल तर फिर्यादीशी तडजोड करून पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्या. त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो.

मग तारखा. गैरहजर राहायचं असेल तर हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी, पुकारा व्हायच्या आत, कारणाच्या कागदासह जायला हवा. नुसता वकिलाला फोन करून भागत नाही. अर्ज नसेल तर आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि जामीनदारालाही नोटीस जाते. वॉरंट निघाल्याचं कळलं की पोलिस येण्याआधी स्वतः हजर होऊन रद्द करून घ्या. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) मोबाईलमध्ये ठेवला की ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख स्वतःला बघता येते.

उलटतपास वकिलाचं काम, पण तयारीत आरोपीने बसावं. साक्षीदार कोर्टात जे नव्याने सांगतो ते त्याच्या पोलिस जबाबात आहे का, हे ओळ न् ओळ ताडून पाहा. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसेल तर ती आधी त्या साक्षीदाराला विचारावी लागते आणि नंतर तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घ्यावी लागते. दुसरा टप्पा राहून गेला की हाताशी आलेली विसंगती निकालात वापरता येत नाही, आणि तालुका कोर्टात हे सर्रास घडतं. शेवटी आरोपीचा जबाब होतो, शपथेशिवाय. तिथे प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढंच न म्हणता स्वतःची बाजू लेखीही देता येते.

निकालाच्या दिवशी जामीनदाराला कागदांसह बरोबर न्या. सुटका झाली तरी सहा महिन्यांचं जामीनपत्र द्यावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर तेच कोर्ट अपिलासाठी शिक्षा स्थगित करू शकतं. अर्ज तिथल्या तिथे द्यायचा असतो, जामीनदार समोर नसेल तर रात्र तुरुंगात जाते. सत्र न्यायालयातल्या अपिलाला मुदत तीस दिवसांची. आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते, ती हातात घेतल्याशिवाय कोर्टातून निघू नका.