एका खुर्चीपुरती जादू

चोराला वाटतं, आपल्याकडे कुणाचंही लक्ष जाऊ नये. जादूगाराला वाटतं, सगळ्यांनी डोळे फाडून बघावं, फक्त नको तिथे बघू नये. कुंडली अशी उघड उघड जुळत नसताना दरोड्याच्या सिनेमांनी या दोघांचं लग्न लावून दिलं, आणि गल्ल्याच्या हिशेबाने संसार बरा चालला.

2013 सालच्या ‘नाउ यू सी मी’ या दरोडेखोर जादूगारांच्या हॉलिवूडपटाच्या सुरुवातीला जादूगार पत्त्यांचा जोड अंगठ्याखालून फर्रकन सोडतो. एक पत्ता मनात धरा, म्हणतो. थिएटरातल्या बऱ्याच जणांच्या मनात चौकट सत्तीच येते. युक्ती जुनी आहे. पत्ते सुटत असताना हव्या त्या पत्त्यापाशी अंगठा किंचित रेंगाळतो. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, सरकतात. बाकीच्या पत्त्यांना एकदोन मिळाल्या आणि एकालाच सहाआठ, तर डोळा तोच टिपतो. प्रत्यक्षात मात्र हात हळू चालला की बघणाऱ्याला चारपाच पत्ते दिसतात आणि तो भलताच धरतो. फार वेगाने चालला तर काहीच दिसत नाही, मग “परत दाखवा” येतं. परत दाखवलेली जादू अर्धी मेलेली असते. शिवाय बघणारा अगदी समोर हवा; बाजूला उभ्या असलेल्याला पत्त्यांच्या कडाच दिसतात. सिनेमात ती अडचणच नाही, कारण कॅमेरा म्हणजे एकच खुर्ची, आणि तीही अगदी मोक्याच्या जागी मांडलेली.

ही खुर्ची 2016 च्या दुसऱ्या भागात फार सोकावते. चोरलेली चिप पत्त्याला चिकटवलेली, चौघा जादूगारांची झडती चालू, आणि पत्ता या हातातून त्या हातात. पत्ता पंजाच्या मागे लपवायची पद्धत खरी आहे. त्याचे कोपरे तर्जनी आणि करंगळीच्या बाजूंना बोटांच्या चिमटीत धरायचे, की समोरून हात रिकामा दिसतो. चिमूट जरा सैल झाली की बोटांच्या फटीतून कोपरा कानासारखा डोकावतो. पण लपतं ते फक्त समोरच्यापासून. झडतीत पहारेकरी पुढे असतात तसे मागेही असतात, आणि मागच्याला अख्खा पत्ता दिसायला हवा. म्हणजे पहारेकरी आंधळे, किंवा फसवायचं होतं ते आपल्यालाच.

त्यापेक्षा पहिल्या भागातली पॅरिसची बँक बरी. लास वेगासच्या रंगमंचावरून एक माणूस थेट तिजोरीत पोचल्यासारखा वाटतो. खरं तर तो रंगमंचाखालच्या हुबेहूब तिजोरीत उतरलेला असतो, आणि पैसे कधीच लंपास झालेले असतात. प्रेक्षक ‘आता होईल’ म्हणून सरसावून बसतो तेव्हा जादूगाराचं काम आटोपलेलं असतं. हे मात्र धंद्याला धरून आहे. बँकेत ठेवलेल्या खोट्या नोटा फ्लॅश पेपरच्या. हा नायट्रोसेल्युलोजचा कागद ठिणगी लागताच भकन जळतो, राख जवळपास उरत नाही. म्हणून तो ओलसर ठेवतात आणि लागेल तेवढाच वाळवून घेतात. नीट वाळला नाही तर धुमसतो, काळे तुकडे मागे राहतात. रंगमंचावर एखाददुसरा चिटोरा पेटवणं वेगळं आणि वाळलेली गड्डीच्या गड्डी पेटवणं वेगळं. त्या आगीजवळ शहाण्या माणसाने उभं राहू नये.

या जातीच्या सिनेमाची खरी पंचाईत शेवटी होते. दरोडा कसा घातला ते सांगावंच लागतं, नाहीतर तिकीट वाया गेलं असं वाटतं. आणि जादू उलगडली की हाती लागतो एखादा दोरा, एखादा आरसा, एखादी चोरफळी. ‘धूम 3’मध्ये तर जुळा भाऊ (इतक्या वर्षांनी रहस्यफोडीचा गुन्हा माफ असावा). लोक “हात्तिच्या!” म्हणतात. त्यात जुळ्यांवर अन्याय होतो. एक इथे गायब होऊन दुसरा तिथे उगवायचा, तर केस, वजन, चाल, घामाचे डागसुद्धा जुळावे लागतात. एकाचा घसा बसला की धडधाकट दुसऱ्यानेही खेळभर खरखरत बोलायचं.